प्यादं देतो, वेळ घेतो

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. वही नवी, जागा नवी, पेन मात्र जुनंच. याच हिरव्या शाईने अठ्ठावीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका खुणावल्या. छापखाना बंद पडला तेव्हा बाकी सगळं तिथेच राहिलं, हे तेवढं खिशात आलं.

घर ऐसपैस आहे. मला वरच्या दोन खोल्या दिल्यात. एक माझी आणि एक रिकामी. रिकामीला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे, तिथे टेबल लागेल. ती खोली मुलीची. तिची आई गेली तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, ती तिच्या मावशीकडे राहतेय, आणि मी छापखान्यामागच्या एका खोलीत, जिथे दोन माणसं एकदम उभी राहिली तर एकाला बाहेर जावं लागे. तिची परीक्षा अठ्ठावीसला संपते. तीस तारखेला ती सामान घेऊन येणार, कायमची. आज दिवसभरात त्या रिकाम्या खोलीत तीनदा जाऊन आलो. काम काही नव्हतं, उगीच.

नोकरीचं काम सोपं आहे. मास्तरांच्या बुद्धिबळाच्या चाळीस डावांचं पुस्तक करायचं, टिपा लिहायच्या, शुद्धलेखन बघायचं. मास्तर म्हणजे फार मोठा खेळाडू; निदान माझ्यासारख्या, जिल्ह्यात चौथ्या नंबरापुढे कधी न गेलेल्या माणसासाठी तर देवच. आता ते मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर दारातच भेटले आणि हळूच म्हणाले की आठवडा काढला तरी पुष्कळ. मास्तरांची धाकटी बहीण घर सांभाळते. सगळे त्यांना आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागलो, वयाने त्या माझ्यापेक्षा पंधराच वर्षांनी मोठ्या असतील.

समोरच्या खोलीत एक पट मांडलेला आहे. डाव अर्धा झालेला, शेजारी दोन तबकड्यांचं लाकडी घड्याळ, बंद. कामाच्या बाई तिथली धूळ पुसत होत्या आणि प्रत्येक सोंगटीला हात लावण्याआधी खणखणीत आवाजात म्हणत होत्या, नीट करते. पुढची सोंगटी, पुन्हा नीट करते. मला हसू आवरेना. स्पर्धेतला नियम आहे हा. सोंगटीला हात लावला की तीच चालवायची. नुसती सरळ करायची असेल तर आधी समोरच्याला तसं सांगायचं. आत्यांनी मलाही बजावलं की पटाला हात लावाल तर हे म्हणायला विसरू नका. मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांच्या घरात असे दोन-चार नियम असायचेच.

मंगळवार, ४

चाळीसपैकी एकोणचाळीस डाव स्वच्छ लिहिलेले आहेत. चाळिसावा म्हणजे समोरच्या खोलीतला. त्याचा नोंदीचा कागद पटाशेजारीच असतो. आज दिवसभर त्याची सुरुवात अभ्यासली.

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, काळ्यानेही तेच केलं. दुसऱ्याच खेळीला पांढऱ्याने शेजारचं प्यादं सरळ काळ्याच्या तोंडात दिलं, आणि काळ्याने ते मारलं. जुनी, धाडसी सुरुवात आहे. प्यादं फुकट जातं, पण ते खाण्यात काळ्याची एक खेळी खर्च होते, तेवढ्यात पांढऱ्याच्या सोंगट्या बाहेर पडतात. बुद्धिबळात याला वेळ मिळवणं म्हणतात. मास्तरांनी कागदाच्या डोक्यावर या सुरुवातीला स्वतःचं नाव दिलंय: ‘प्यादं देतो, वेळ घेतो’. माझा हात शिवशिवला. हिरव्या शाईने ‘घेतो’खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘मिळवतो’ हवं? सवय जात नाही.

एक गंमत दिसली. पांढऱ्याच्या सगळ्या खेळ्या मास्तरांच्या अक्षरात आहेत. काळ्याच्या पहिल्या आठ खेळ्या तिरप्या, निळ्या अक्षरात, आणि पुढच्या पाच पेन्सिलीने, बारीक गोल. म्हणजे मास्तरांसमोर दोन वेगळे खेळाडू बसले असणार. प्रत्येक खेळीपुढे लागलेला वेळही टिपलाय. पांढऱ्याचा शून्य, शून्य, शून्य. काळ्याचा मात्र वाढत गेलेला. पांढऱ्याची चौदावी खेळी झाली आहे, आता पाळी काळ्याची.

बुधवार, ५

दुपारी जेवून समोरच्या खोलीत बसलो होतो. काळ्याचा एक घोडा वाकडा उभा होता. त्याचा तळ एका बाजूने झिजलाय, म्हणून तो कायम कलतो. ज्याला अठ्ठावीस वर्षं वाकडी ओळ बघवली नाही त्याला वाकडा घोडा काय बघवणार? सरळ केला. तोंडाशी शब्द आले होते, पण गिळले. समोर कोणी नसताना कुणाला सांगायचं?

मग जरा डोळा लागला असावा. उठलो तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती आणि घड्याळ टिकटिकत होतं. धक्का लागला असेल.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. कामाच्या बाईंची गोष्ट तिला रंगवून सांगितली. लहानपणी मीच तिच्याकडून हा नियम घोकून घेतला होता, पण तीही म्हणाली की बाबा, समोर कोणी नसताना कुणाला सांगायचं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. बापासारखीच आहे, फक्त खेळते माझ्यापेक्षा बरी. आत्यांना मी हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

गुरुवार, ६

कागदावर काळ्याची चौदावी खेळी लिहिलेली आहे. घोड्याची. हिरव्या शाईने, माझ्या अक्षरात. पुढे वेळ: चाळीस मिनिटं. पटावर घोडा खरंच त्या घरात जाऊन बसलाय, तिथेही कललेलाच. पेंगताना केलं असेल मी, दुसरं काय. आणि खाली पांढऱ्याची पंधरावी, ताजी, मास्तरांच्या अक्षरात.

पाचच मिनिटं घाबरलो. मग लक्षात आलं की मास्तर आतून सांगत असणार आणि आत्या त्यांच्यासारखं अक्षर काढत असणार. आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या की मला घोडा कुठला आणि गाढव कुठलं ते कळत नाही, मला कशाला विचारता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. मास्तर माझ्याशी खेळताहेत! सकाळी ते म्हणे आपले आपण उठून बसले आणि वाटीभर पेज प्यायले. म्हटलं, आजारी माणसाला तेवढाच विरंगुळा. लगेच पंधरावी खेळी केली. लगेच म्हणजे मला तसं वाटलं. कागदावर एक तास पन्नास मिनिटं निघाली.

शनिवार, ८

सोळावी खेळी करायला सकाळी नाश्ता करून बसलो. एक उंट पुढे सरकवला आणि मान वर केली, तर खिडकीतलं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलेलं. सहा तास. पोटात कावळे ओरडत होते, पाय बधिर झाले होते. झोपलो असतो तर ताजंतवानं वाटलं असतं. हा शीण वेगळाच आहे, हाडात मुरलेला.

डॉक्टर येऊन गेले. मास्तरांची नाडी बघून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितली. जाताना मला म्हणाले की मास्तर ठणठणीत आहेत, तुम्हीच जरा तब्येतीला जपा, चेहरा उतरलाय.

मुलीच्या खोलीत टेबल सरकवायचं होतं. उद्या करू.

रविवार, ९

ठरवलं, पुरे. आज खेळायचं नाही. वर खोलीत टिपा लिहीत बसलो. पण घड्याळाची टिकटिक जिन्यावरून ऐकू येत होती, आणि माझ्या बाजूचीच तबकडी फिरत होती. पाळी माझी आहे ना. खेळलं नाही म्हणून घड्याळ थोडंच थांबतं? इतकी वर्षं खेळून ही साधी गोष्ट

~~सोमवार, १०~~ मंगळवार, ११

वरचं वाक्य अर्धं का राहिलं ते आठवत नाही. लिहिता लिहिता हात थांबला, आणि आत्यांनी येऊन खांदा हलवला तेव्हा त्या म्हणाल्या की आज मंगळवार आहे. मी सोमवारची तारीख लिहून बसलो होतो. एक अख्खा दिवस गेला. आणि मी वर खोलीत नव्हतो, खाली पटासमोरच्या खुर्चीत होतो. सतरावी खेळी झालेली. माझ्या अक्षरात. पुढे लिहिलंय, एक दिवस.

आरशात बघितलं. कानशिलं गेल्या आठवड्यात एवढी पांढरी नव्हती.

मागच्या खोलीतून काठीचा आवाज येतोय. दारापर्यंत आणि परत.

फोनवर मुलीचे सात मिस्ड कॉल. तिला कळवलं की काम खूप आहे. तिने विचारलं की बाबा, आवाज असा का येतोय. दमलोय म्हटलं. खोटं नव्हतं.

बुधवार, १२

आज आत्यांना सोडलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं की निळं अक्षर कुणाचं, पेन्सिल कुणाची.

भाजी निवडत निवडत त्या म्हणाल्या की निळं अक्षर बँकेतल्या एका गृहस्थांचं. फार सज्जन, पुस्तक करायलाच आले होते. पेन्सिल म्हणजे शाळेतल्या बाई, त्याही त्याचसाठी. दोघांचाही हात त्या वाकड्या घोड्याकडेच गेला, सगळ्यांचा तिथेच जातो. मी विचारलं, आता कुठे असतात ते? तर म्हणाल्या की त्यांचा वेळ संपला. मला वाटलं घड्याळावरचा. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला कळलं. बाई गेल्यावर आठ महिने काळ्याची खुर्ची रिकामी होती, तेव्हापासूनच मास्तरांनी अंथरूण धरलं होतं.

मी ओरडायला हवं होतं. पण इतका थकलो होतो की तिथल्याच स्टुलावर टेकलो. आत्या म्हणाल्या की मी सांगितलं होतं तुम्हाला पहिल्याच दिवशी, आणि कामाच्या बाईंनाही रोज मोठ्याने म्हणायला लावते, ऐकून तरी कुणी शिकेल म्हणून. भाऊ आहे हो माझा, म्हणाल्या. एकुलता एक. आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

समोरच्या खोलीत जाऊन माझी हिरवी खूण मीच खोडली. ‘घेतो’ बरोबर होतं.

गुरुवार, १३

बॅग भरली. जातोय. मुलीकडे जाईन, तिच्या मावशीच्या ओसरीवर पडून राहीन, मग एखादी खोली घेऊन राहू आम्ही. काही बिघडत नाही. बस दहाची आहे.

रविवार, १६

खुर्चीत. बॅग मांडीवर आहे, तिकीट हातात. बस स्टँडवरचा बाक आठवतो, शेजारच्या माणसाने पेपर मागितला तेही आठवतं. परत कसा आलो ते आठवत नाही. अठरावी खेळी — तीन दिवस.

बुटाची नाडी बांधायला वाकलो तर उठवेना.

सोमवार, १७

सकाळी मास्तर आले आणि समोर बसले. काठी नव्हती. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा. माझ्यापेक्षा तरुण दिसतात म्हणेन तर कुणाला खरं वाटणार नाही. फार सभ्य माणूस. तुम्ही मनापासून खेळता, म्हणाले. आधीचे दोघं घाईत होते.

मी राजा आडवा केला. डाव सोडला, म्हटलं. त्यांनी राजा उचलून पुन्हा उभा केला, मुलाचं पडलेलं खेळणं उचलावं तसा. म्हणाले की डाव कुणालाच सोडता येत नाही, खेळणारा मात्र बदलता येतो. दुसऱ्या कुणी काळ्याच्या सोंगटीला हात लावला, न सांगता लावला, की त्याची पाळी आणि तुम्ही मोकळे. पण पाळी तुमची असताना तुम्हीच आधी लावलात तर ती खेळी तुमचीच.

मग हसून म्हणाले, तुमची मुलगी चांगली खेळते म्हणे.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणाला सांगायची सोय नाही. एक क्षण, एकच क्षण माझ्या मनात आलं की तरुण आहे ती, तिच्याकडे वेळच वेळ आहे. बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते.

लगेच तिला मेसेज केला. ‘येऊ नकोस. मी ठीक आहे, दमलोय. तीसलाही नको.’ गेला. दोन निळ्या खुणा दिसल्या. तिने वाचलं. वाचली पोरगी.

फोन वाजतोय. तिचाच आहे. उचलला, पण तोंडातून शब्द फुटेना. समोर खेळाडू बसला की पटावरून बाहेरच्यांशी बोलायचं नाही, हाही नियमच. लिहायला तेवढी मुभा असते. ती हॅलो हॅलो करत राहिली. बाबा, बोला ना, म्हणाली. मग फोन ठेवला तिने.

आता कळतंय. येऊ नकोस असं लिहिलं. तिच्या आईनेही दवाखान्यातून हेच कळवलं होतं, मी ठीक आहे, येऊ नकोस. तेव्हा पोरगी दवाखान्यात गेली नव्हती. ते अजून खातं तिला.

ती आता येणारच —

तारीख माहीत नाही

एकोणिसावी. वेळेच्या रकान्यात आकडा नाही, नुसती —

नखं वाढलीत. वही मांडीवर आहे. दुपार असावी.

मास्तर खिडकीशी उभे आहेत. गाणं गुणगुणताहेत.

दुपारच

शेवटच्या खेळीचा वेळ मी मोजलाय. माझ्या तबकडीवर फारसं उरलं नाही. अजून एकदा हात लावला तर ते सगळं जाईल. नाही लावला तर काही दिवस, कदाचित. तिला सावध करायला तेवढे पुरतील. तेवढ्यात ती आली नाही तर —

दार वाजलं. आत्या कुणाला तरी सांगताहेत की ते झोपलेत, नंतर या. चांगल्या आहेत आत्या. ओरडून सांगताहेत.

तिचा आवाज.

आत आली. बॅग तशीच दारात टाकली. बाबा म्हणाली. माझे केस बघतेय. गुडघ्यावर बसली, हात हातात घेतला. गरम आहे हात तिचा. रडू नकोस गं. वही बघ. वहीत बघ, इथे लिहितोय. वाच —

वहीकडे बघत नाही. माझ्याकडे बघतेय.

वरची खोली तुझी आहे. पूर्वेची. टेबल सरकवायचं राहिलं.

मास्तर लांब उभे राहिलेत, हात मागे बांधून. तिला दिसले नाहीत अजून. समोर कोणी नाही असंच तिला —

उठली. डोळे पुसले. पटाकडे बघतेय. बाबा, हा घोडा वाकडा का, विचारतेय. माझं मन रमवायला विचारतेय. मला माहीत आहे, मी घाबरलो की ती अशीच

म्हण गं. आधी म्हण. नीट करते म्हण.

म्हणणार नाही ती. मीच हसलो होतो.

हात पुढे केलाय. घोडा तिच्यापेक्षा माझ्या जवळ आहे, वीतभर. माझा आधी लागेल. पण एका हातात वही, दुसऱ्यात पेन. पेन खाली ठेवतो, म्हणजे हात मो